नळीतली हवा

डिझेल संपून ट्रॅक्टर गोठ्यापासून शंभरेक पावलांवर बंद पडला, तेव्हा बाजी नुसता वैतागला. ट्रॉलीत भाताच्या रोपांच्या मुठी भरलेल्या होत्या आणि खालच्या खाचरात त्याची बायको मोहिनी आणि शेजारची फुलाबाई रोपांची वाट बघत उभ्या होत्या. सकाळी टाकी बघायची राहून गेली होती. तो उतरला आणि डिझेलचा कॅन आणायला गोठ्याकडे गेला.

विंझरच्या वर, डोंगराच्या पदरात ही वस्ती आहे. घरं तीनच. शेरडं, मेंढरं, थोड्या म्हशी आणि उतारावर पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरं. डांबरी रस्ता चार किलोमीटर खाली, आणि तिथपर्यंत मातीची वाट. मधे ओढा. पावसाळ्यात त्या वाटेवर मोटारसायकल टिकत नाही आणि जीप चढत नाही. चढतो तो बाजीचा लहान ट्रॅक्टर, चारही चाकांनी ओढणारा. चिखलणी त्याच्यावर, दूध खाली पोचवणं त्याच्यावर, आणि कुणी आजारी पडलं तर त्याला रस्त्यापर्यंत नेणंही त्याच्यावरच. त्या दिवशी बाकीच्या दोन घरांतली माणसं लावणीच्या कामाला गुंजवण्याला गेली होती. वस्तीवर बाजी, त्याची आई भामाबाई, मोहिनी आणि फुलाबाई एवढीच होती.

कॅन गोठ्याच्या कोपऱ्यात, गोवऱ्यांच्या ढिगामागे ठेवलेला असायचा. बाजीने न बघताच मागे हात घातला.

मोहिनीला हाक ऐकू आली ती नेहमीसारखी नव्हती. हळू आणि जपून मारलेली होती.

"मोहिने, वर ये. फुलाबाईलाबी घे."

ती वर आली तेव्हा बाजी गोठ्याच्या दारातल्या दगडावर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, आणि डाव्या हातात कॅन. मनगटाच्या जरा वर दोन ठिपके होते आणि त्यांच्याभोवती कातडी फुगायला लागली होती.

"नाग व्हता," तो म्हणाला. "म्या बघितला. गव्हाणीखाली गेला."

मोहिनीने आधी घड्याळ बघितलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं. गेल्या वर्षी आशाताई सुलक्षणाने वस्तीवर येऊन बायकांना बसवून सांगितलं होतं: वेळ लक्षात ठेवा, कापू नका, आवळून बांधू नका, माणसाला चालवू नका, हात हलू देऊ नका, दवाखान्याशिवाय दुसरीकडे नेऊ नका. तिने बाजीच्या मनगटावरचा काळा दोरा सुजेत रुतू नये म्हणून विळ्याने कापला, हाताखाली एक फळकूट धरलं आणि टॉवेलाने सैलसर बांधलं.

भामाबाई घरातून आली. तिला एका नजरेत कळलं. ती परत आत गेली आणि देव्हाऱ्यातला भैरवनाथाचा अंगारा घेऊन आली.

"लावा आत्या," मोहिनी म्हणाली. "पर कपाळाला. हाताला न्हाई."

भामाबाईने कपाळाला लावला.

वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. ती खिंडीतल्या कातळावर मिळते. दवाखान्याची गाडी बोलवायला फुलाबाई मोबाईल घेऊन तिकडे पळाली. पावणेचारला ती चिखलात घसरत परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"गाडी वेल्ह्यावरनं निघालीया. पर वर येणार न्हाई म्हनत्यात. डांबरीवर थांबतील. आमच्या मानसान्लाबी फोन केला. त्यान्ला यायला दीड तास तरी लागंल."

दीड तास नव्हताच. तिघींनी बाजीला घोंगडीवर निजवून घोंगडीची टोकं उचलली. ट्रॉलीपर्यंतच्या शंभर पावलांत त्यांना चार वेळा त्याला खाली ठेवावं लागलं. चार किलोमीटर, आणि मधे ओढा. तिघींनीही तो हिशेब मनात केला.

रोपांच्या मुठी वाटेवर फेकून दिल्या, ट्रॉलीत पोती टाकली आणि बाजीला त्यांवर निजवलं. भुरभुर पाऊस होता. फुलाबाईने वरून प्लॅस्टिकचा कागद धरला. मोहिनीने कॅनमधलं होतं तेवढं डिझेल टाकीत ओतलं, सीटवर बसली आणि चावी फिरवली.

गेली दोन वर्षं ती ट्रॅक्टर चालवत होती, पण सपाट खाचरात, आणि बाजी बांधावर उभा असताना. सेल्फ गरगर फिरला. इंजिन नुसतं घुमलं, पेटलं नाही. तिने पुन्हा चावी फिरवली. मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी सेल्फचा आवाज किंचित जड झाला.

"थांब," ट्रॉलीतून बाजी म्हणाला. "नको मारू. बॅटरी संपंल."

"डिझेल टाकलंय की."

"टाकी कोरडी झालीती. नळीत हवा गेली. ती हवा काढल्याबिगर डिझेल म्होरं जायचं न्हाई." तो उठायला लागला. "म्याच काढतो. दोन मिंटाचं काम हाय."

"तुमी हलायचं न्हाई," मोहिनी म्हणाली. "पडून सांगा. म्या करते."

बाजीने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पाठ टेकली. हात कोपरापर्यंत सुजला होता.

"बॉनेट उघड. डाव्या अंगाला गोल डबा हाय, त्यो फिल्टर. सीटखाली पाने हायेत, त्यातला बारा नंबरचा घे. फिल्टरच्या डोक्यावर बोल्ट हाय. काढू नको, नुसता सैल कर."

पान्यांवरचे आकडे मळीने बुजले होते. तिने ते पदराने पुसले. बारा नंबर सापडला, बोल्टही सापडला. बोल्ट घट्ट होता. तिने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो करकरला आणि फिरला.

"झाला सैल."

"फिल्टरच्या खाली बारका पंप हाय, बोटानं दाबायचा. दाबत ऱ्हा. बोल्टाखालनं फेस येईल. फेस थांबून नुसतं डिझेल आलं, की आवळ."

ती दाबत राहिली. आधी काहीच नाही. मग बोल्टाच्या कडेने बुडबुडे आले, पांढरट फेस आला. ती मोजत होती, उगीच, कुठे लक्ष लागावं म्हणून. चाळीस, पन्नास. अंगठा बधिर झाला. सत्तरच्या पुढे फेस पातळ झाला आणि स्वच्छ पिवळं डिझेल तिच्या बोटांवरून ओघळलं. तिने बोल्ट आवळला, सीटवर चढली आणि चावी फिरवली.

सेल्फ फिरला. इंजिनने एक ठोका दिला, पांढरा धूर आला, आणि पुन्हा सगळं नुसतं घुमत राहिलं.

"न्हाई झालं," ती ओरडून म्हणाली. "आता?"

उत्तर आलं नाही. ती उतरून मागे गेली. बाजीच्या पापण्या खाली आल्या होत्या, झोप अनावर झाल्यासारख्या. तो भुवया वर ओढून डोळे उघडू बघत होता, आणि ते उघडत नव्हते. तो बोलला, पण जीभ तोंडात जड झाली होती.

"बा... ब्या नया..."

"काय? पुन्यांदा सांगा."

"नया," तो म्हणाला. ओठाच्या कडेने लाळ आली. भामाबाईने ती पदराने टिपली.

मोहिनी पुन्हा इंजिनापाशी आली. तिच्या हातातून पाना निसटून चाकाखालच्या चिखलात पडला. तो उचलायला ती वाकली आणि तिला उतारावरची वाट दिसली, लाल, ओली, झाडांत शिरत गेलेली. खाली कुठेतरी गाडी उभी असेल, तिच्यात डॉक्टर असेल, औषध असेल. आपण पळत गेलो तर? पाऊण तासात खाली. त्यांना हाताला धरून वर आणू. तिने पाना तिथेच सोडला आणि वाटेच्या दिशेने चालू लागली. सात-आठ पावलं ती गेलीही.

"मोहिने," मागून भामाबाईने विचारलं, "आता कुठली नळी उघडायची गं?"

तिने ते अगदी साध्या आवाजात विचारलं, सुनेला हे सगळं येतंच असं धरून. मोहिनी थांबली. ब्या नया. बारक्या नळ्या. ती परत फिरली.

तिने फिल्टरवर बोट ठेवलं आणि तिथून निघणाऱ्या नळीवरून ते पुढे नेलं. नळी इंजिनाच्या कुशीत बसवलेल्या एका पंपात शिरत होती. त्या पंपातून तीन बारीक लोखंडी नळ्या निघून वर इंजिनाच्या डोक्याकडे गेल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एक नट. इथवरची हवा काढली. पण ह्या तिन्हींत? ह्यांतही असणार. आणि इथे बोटाने दाबायचा पंप नाही. इथे डिझेल ढकलणार ते इंजिन स्वतःच, सेल्फवर फिरताना. म्हणजे नट सैल करून कुणीतरी चावी फिरवायला हवी.

"फुलाबाई, कागद ट्रॉलीला बांधा न् त्यांचं डोकं धरा. एका कुशीवर ठेवा. लाळ नरड्यात जाऊ देऊ नका. आत्या, तुमी सीटवर बसा."

"म्या?"

"व्हय. म्या फिरव म्हनलं की चावी फिरवायची, थांब म्हनलं की सोडायची."

भामाबाई अडुसष्ट वर्षांची होती आणि त्या सीटवर कधी बसली नव्हती. तिने लुगड्याचा काष्टा सावरला, मडगार्ड धरून वर चढली आणि सीटच्या टोकाला बसली.

नटाला बाराचा पाना बसला नाही. चौदाचाही नाही. सतराचा बसला. मोहिनीने पहिला नट फिरवला, तो हलेना. तिने पान्यावर दगड मारला. तरी हलेना. मग ध्यानात आलं की घाबरून ती तो आवळायच्या बाजूला फिरवत होती. तिने पाना उलटा लावला. नट सुटला. दुसरा सुटला, तिसराही सुटला.

"फिरवा."

भामाबाईने चावी फिरवली. काहीच झालं नाही. सेल्फचा आवाजसुद्धा नाही.

"पुन्यांदा."

काही नाही. मोहिनीला एकच सुचलं: बॅटरी गेली. धक्का मारून सुरू करायला उताराची वाट वळणाची, खाली सरळ घळ. ती पाना हातात धरून नुसती उभी राहिली. तेवढ्यात ट्रॉलीत धप्प असा आवाज झाला. मग पुन्हा.

"ह्ये पाय आपटत्यात," फुलाबाई म्हणाली. "झटकं आलं वाटतं."

मोहिनी धावत गेली. बाजीचे डोळे मिटलेले होते. डावा पाय तो ट्रॉलीच्या फळीवर दाबत होता, दाबून धरत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. उजवा पाय मात्र स्वस्थ होता. हे झटके नव्हते.

क्लच. ट्रॅक्टरचा क्लच दाबल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही. ती स्वतः बसली की पायाने तो आपोआप दाबला जायचा, म्हणून तिला ते आठवलंच नव्हतं.

"कळलं," तिने त्याच्या कानाशी सांगितलं. "कळलं मला. क्लच."

पाय थांबला.

भामाबाईचा पाय सीटवरून क्लचपर्यंत पोचत नव्हता. ती उभी राहिली, स्टेअरिंगला मिठी मारली आणि दोन्ही पाय त्या एका पेडलवर ठेवून सगळा भार टाकला. क्लच खाली गेला.

"फिरवा, आत्या."

सेल्फ फिरला, आधीपेक्षा सावकाश. पहिल्या नटाखालून फुसफुस आवाज आला, फेस आला, मग डिझेल उसळ्या मारत बाहेर पडलं. तिने नट आवळला. दुसऱ्याला वेळ लागला. सेल्फ ओढत ओढत फिरू लागला, एकेक फेरा मोजता यावा असा. दुसरा आवळला. तिसऱ्याला पाना लावला तेव्हाच एका बाजूने इंजिनाने ठोका पकडला. एक, दोन, मधे खंड, एक, दोन. सगळा ट्रॅक्टर हादरला. तिसऱ्या नटाखालून डिझेलची पिचकारी तिच्या पदरावर उडाली. तिने तो आवळला आणि ठोके एकसारखे झाले.

भामाबाई स्टेअरिंगला मिठी मारून तशीच उभी होती.

"थांब म्हन की गं," ती म्हणाली.

"थांबा, आत्या. सोडा चावी."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. भामाबाई ट्रॉलीत गेली आणि मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. फुलाबाईने त्याला पाठीकडून धरलं. मोहिनीने खालचा गिअर टाकला, चारही चाकं जोडली आणि उताराला लागली. उताराला क्लच दाबायचा नाही, इंजिनालाच गाडी धरू द्यायची, हे बाजी बांधावरून अनेकदा ओरडला होता. तिने दोन्ही पाय मागे ओढून घेतले, चुकून दाबला जाऊ नये म्हणून. ट्रॅक्टर पायी चालण्यापेक्षा थोडाच जोरात जात होता. याहून जोरात नेला तर ट्रॉली पुढे रेटणार. याहून हळू नेववत नव्हतं.

दर वळणावर ती मागे न बघता विचारायची, "आत्या, श्वास?"

"हाय."

ओढ्यात पाणी गुडघ्याच्या वर होतं. मधोमध इंजिनाने एकदा गचका खाल्ला आणि आवाज खाली गेला. कुठेतरी अजून एखादा बुडबुडा राहिला असणार. इंजिन सावरलं. पलीकडच्या काठावर पुढची चाकं चढली, मग मागची, मग ट्रॉली वर आली, तिच्या फळ्यांमधून पाणी गळत.

"आत्या, श्वास?"

या वेळी उत्तराला वेळ लागला.

"हाय. पर थोडा थोडा."

पाच वाजायला सात मिनिटं असताना डांबरी दिसली. पांढरी गाडी फाट्यावर उभी होती. डॉक्टर ट्रॉलीतच चढला, बाजीच्या तोंडावर मास्क लावला आणि हाताने फुगा दाबत श्वास द्यायला लागला. "किती वाजता चावला? काय चावलं?" मोहिनीने वेळ सांगितली, नाग सांगितलं, बोलणं कधी थांबलं ते सांगितलं. तिला वाटत होतं आपण शांतपणे सांगतोय. डॉक्टरने तिला दोनदा सावकाश बोलायला सांगितलं. बाजीला गाडीत घेतलं, भामाबाई त्याच्या पायाशी बसली, आणि फुलाबाई शेरडांची धार काढायला चालत वर निघाली. ट्रॅक्टर मोहिनीने रस्त्याच्या कडेला घेतला, बंद केला आणि गाडीत चढली.

तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली. तिथून त्याला पुण्याला हलवलं. तीन दिवस तो श्वासाच्या यंत्रावर होता. मोहिनी आणि भामाबाई दवाखान्याच्या जिन्याखाली एका चटईवर बसून होत्या. दार उघडलं की दोघी उठायच्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं." भामाबाईने ते ऐकलं आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. मोहिनीला तो हात सोसेना. ती पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली.

चौथ्या दिवशी नळी काढली. पाचव्या दिवशी बाजीला बसवलं. हाताची कातडी मनगटापाशी काळी पडली होती, ती काढून मांडीची कातडी लावावी लागणार होती. आवाज खरखरीत झाला होता. दुपारी भामाबाई डबा आणायला खाली गेली आणि दोघंच राहिले.

"म्या समदं ऐकत व्हतो," बाजी म्हणाला. "डोळं उघडंनात, जीभ हालंना. पर ऐकू येत व्हतं. तू पान्यावर दगड मारलास."

"व्हय."

"नट हालंना म्हन्जी उलटा फिरवत व्हतीस. वाटलं, नटाची धार जानार. सांगता येईना."

"लई भ्याला?"

"भ्यालो. पाय तरी हालतोय का बघितलं, तर हालला." तो जरा थांबला. बोलताना त्याला दम लागत होता. "पर मधी एकदा तुझा आवाजच आला न्हाई. पाना पडल्यावर. लई येळ आला न्हाई. तवा जास्ती भ्यालो."

मोहिनी पलंगाच्या कडेचा लोखंडी दांडा बोटाने खरवडत राहिली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं नाही असंच ठरवलं होतं.

"म्या निघाले व्हते," ती म्हणाली. "तुमाला तितंच टाकून, पळत खाली जायाला. वाटलं मला हे जमायचं न्हाई. आत्यांनी हाक मारली म्हनून फिरले. त्यान्ला म्हाईत न्हाई."

बाजी छताकडे बघत होता. मोहिनी त्याची छाती हलते की नाही ते बघू लागली.

"आईला नगं सांगू," शेवटी तो म्हणाला. "ती मान्साला सांगत सुटलीया, सुनेला समदा ट्रॅक्टर येतो म्हनून."

त्याने डावा हात तिच्या बाजूला सरकवला. ती हात धरून बसली, आणि जिन्यावर भामाबाईची पावलं वाजेपर्यंत तिने तो सोडला नाही.